मुलांना अनेक प्रकारच्या बुद्धीची कदर कशी वाटेल? शिक्षक-पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः तिसरी ते आठवीच्या शिक्षकांसाठी आणि त्या वयाच्या मुलांच्या पालकांसाठी आहेत. वर्गात तीस-चाळीस मुलं, पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, एक फळा आणि थोडंफार साहित्य एवढंच गृहीत धरलं आहे.

वर्गात कोण हुशार, हे मुलं कशावरून ठरवतात?

आपण काय सांगतो यापेक्षा रोज काय दिसतं यावरून. धडा वाचायला कुणाला उभं करतात, नमुना म्हणून कुणाची वही वर्गभर फिरते, बाई कार्यालयात गेल्या की वर्ग कुणाच्या ताब्यात असतो, हे सगळं मुलं टिपत असतात. पहिली-दुसरीतच त्यांची यादी तयार होते. मग गटकामात यादीतली मुलं बोलतात आणि बाकीची ऐकतात. बोलणाऱ्यांचा सराव वाढतो, ऐकणाऱ्यांचा राहून जातो आणि वर्षभरात यादी खरी ठरल्यासारखी दिसते.

हे किती लवकर होतं ते पाहा. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘खूप खूप हुशार’ माणूस कोण असेल, असं मुलांना विचारलं होतं. पाच वर्षांच्या मुली आणि मुलगे दोघंही आपापल्या बाजूचं माणूस, म्हणजे मुली बाईला आणि मुलगे पुरुषाला, निवडत होते. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र हे प्रमाण घटलं होतं. शाळेत चांगले गुण मुलींना मिळतात हे त्यांना ठाऊक होतं, तरीही. ‘खूप हुशार मुलांसाठीचा’ म्हणून सांगितलेला खेळ खेळायलाही त्या कमी उत्सुक होत्या.

आमच्या वर्गात नेमकी काय स्थिती आहे, हे कसं तपासायचं?

प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. ‘वर्गातल्या कुणाकडून तुला काय शिकायला आवडेल? तीन नावं लिही आणि प्रत्येक नावापुढे ती गोष्ट लिही.’ लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव घालायचं नाही. दहा मिनिटं पुरतात.

चिठ्ठ्या घरी नेऊन तीन आकडे काढा: एकूण किती वेगळी नावं आली, किती मुलांचं नाव एकदाही आलं नाही आणि अभ्यासाबाहेरच्या किती गोष्टी लिहिल्या गेल्या. चाळीसच्या वर्गात पाच-सहा नावांभोवतीच सगळं फिरत असेल, तर काम कुठे करायचं ते कळलं. चिठ्ठ्या वर्गात वाचू नका आणि ‘तुझं नाव कुणीच लिहिलं नाही’ हे त्या मुलाला कुठूनही कळू देऊ नका. त्या जपून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा लागतील.

बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मुलांना शिकवावा का?

आमचं मत, शिकवू नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली सात बुद्धिमत्ता मांडल्या: भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय, सांगीतिक, शारीरिक, इतरांना समजून घेण्याची आणि स्वतःला समजून घेण्याची. पुढे निसर्गविषयक ही आठवी त्यांनी जोडली. शाळेने भाषा आणि गणित यांपलीकडे पाहावं, हा त्यांचा आग्रह शिक्षकांना पटला आणि तो पटण्यासारखाच आहे. पण या आठ बुद्धी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, याला मानसशास्त्रात भक्कम पुरावा मिळालेला नाही. वेगवेगळ्या बौद्धिक चाचण्यांमधले गुण बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात, हे चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ सालीच दाखवलं होतं आणि नंतरही ते पुन्हा पुन्हा दिसलं.

वर्गात अडचण वेगळीच होते. आठ बुद्धींचा तक्ता भिंतीवर लागला की मुलं स्वतःला एकेका खान्यात बसवतात. ‘मी म्युझिकलवाला, मला गणित जमणार नाही.’ एका यादीच्या जागी आठ याद्या आल्या, एवढंच. त्याऐवजी कामाबद्दल बोला: हे काम नीट व्हायला काय काय यावं लागतं, आणि त्यातलं कुणाला काय येतं? हा प्रश्न विचारायला कोणताही सिद्धांत मानावा लागत नाही.

आमचं मूल ‘व्हिज्युअल लर्नर’, म्हणजे बघून शिकणारं, आहे असं सांगितलं गेलं. त्याला तसंच शिकवावं का?

नाही. शिकणाऱ्याच्या शैलीशी जुळवून शिकवलं तर शिकणं सुधारतं, या दाव्याला पुरेसा पुरावा नाही, असं २००८ साली झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, हे खुद्द गार्डनर यांनीही स्पष्ट केलेलं आहे. नकाशा सगळ्यांनाच बघून कळतो आणि कविता सगळ्यांनाच ऐकून. पद्धत विषयाला साजेशी असावी.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी डीएमआयटी चाचणी करून घ्यावी का?

करू नका. बोटांवरच्या रेषा जन्माआधीच तयार होतात आणि आयुष्यभर तशाच राहतात. मूल काय शिकलं, कशात रमलं, कुणी त्याला काय शिकवलं, याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने, जाहीरपणे सांगितलेलं आहे.

पैसे जातात ते जातातच, पण खरं नुकसान अहवालातल्या टक्क्यांनी होतं. नऊ वर्षांच्या मुलीला रंगीत कागदावर ‘तार्किक: ९ टक्के’ असं छापील दिसलं की ती ते विसरत नाही. चाचणी आधीच झाली असेल तर अहवाल बाजूला ठेवा, नातेवाइकांना दाखवू नका आणि मुलाला साध्या शब्दांत सांगा: ‘बोटांवरून हे कळत नाही, आपण उगाच केलं.’ शाळेत अशी चाचणी ठेवली जात असेल तर पालक-शिक्षक संघाच्या सभेत लेखी हरकत घ्या.

मग वर्गात सुरुवात कशाने करायची?

अशा एका कामाने, जे वर्गातल्या सगळ्यात जास्त गुणवाल्या मुलालाही एकट्याने जमणार नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एलिझाबेथ कोहेन यांनी गटकामातली मुलांची पत आणि त्यांचं शिकणं यावर अनेक वर्षं काम केलं. खालची पद्धत मूळ त्यांची, उदाहरण आपल्याकडचं.

काम: शाळेच्या पटांगणात पडलेलं पावसाचं पाणी कुठे जातं ते शोधा आणि शोषखड्डा कुठे घ्यावा ते सुचवा. सलग दोन तासिका लागतात.

साहित्य: दर गटाला एक चार्टपेपर, एक पेन्सिल, एक मोजपट्टी, दर मीटरला गाठ मारलेली १० मीटर सुतळी आणि लिटरभर पाणी. शिवाय सगळ्या वर्गात मिळून तीन पारदर्शक नळ्या, प्रत्येकी ६ मीटर. गवंडी लेव्हल बघायला वापरतात तीच ही नळी, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. दहा गटांना तीन नळ्या पुरतात. बाकीचे गट तोवर छपराचं माप घेतात किंवा पाणी नेमकं कुठे साचतं ते शाळेतल्या मावशींना, शिपाईमामांना विचारून येतात.

नळीचं तंत्र सांभाळावं लागतं. दोन्ही टोकांना अर्धा अर्धा मीटर मोकळा राहील इतकं पाणी भरायचं. मग दोन्ही टोकं एकमेकांशेजारी धरायची. पाण्याची पातळी सारखी दिसली नाही तर आत बुडबुडा अडकला आहे. नळी झटकून, बोटाने टिचक्या मारून तो वर काढायचा. नेताना टोकं अंगठ्याने बंद आणि माप घेताना दोन्ही उघडी. एक अंगठा राहून गेला तरी माप खोटं येतं. दोन ठिकाणी जमिनीपासून पाण्याची उंची मोजली की त्यांतला फरक म्हणजे तिथला उतार. ज्या मुलाने घरच्या बांधकामावर हे पाहिलं आहे, त्याला यातलं बरंचसं न सांगता येतं, आणि वहीवरून हे कधीच कळलं नसतं.

हिशोबही खरा हवा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद छपरावर २० मिलिमीटर पाऊस झाला तर १,२०० लिटर. नकाशाला १ मीटरला १ सेंटिमीटर असं प्रमाण ठेवा. ३० मीटर लांबीचं पटांगणही चार्टवर आरामात बसतं.

काम देण्याआधी मुलांना काय सांगायचं?

फळ्यावर लिहा: उतार डोळ्यांनी ओळखणं, नळी हाताळणं, अचूक मोजणं, गुणाकार, प्रमाणात नकाशा काढणं, मोठ्या माणसांना नीट प्रश्न विचारणं, गटात कोण गप्प आहे ते हेरणं, दोन मिनिटांत सगळ्यांना समजेल असं सांगणं. मग विचारा, ‘हे सगळं येणारं कुणी आहे का?’ नसतं. ‘यातलं काहीच न येणारं?’ तेही नसतं. हे दोन प्रश्न न विचारता काम सुरू केलं तर मुलं नेहमीच्याच क्रमाने बसतात. पाच मिनिटं लागतात, ती वाचवू नका.

गट चौघांचे. पाचवं मूल हमखास बघ्या होतं. ‘प्रत्येक गटात एक हुशार’ अशी वाटणी करू नका. ते मूल छोटा मास्तर बनतं आणि बाकी तिघं त्याचे मदतनीस. चिठ्ठ्या काढून गट पाडा. जबाबदाऱ्याही चिठ्ठीनेच आणि दर वेळी बदलत्या: साहित्य सांभाळणं, वेळ बघणं, सगळ्यांना समजलं का ते विचारणं, शेवटी वर्गाला सांगणं. चित्र बरं काढणाऱ्या मुलीला दर वेळी नकाशाच दिला तर तीही एका खान्यात अडकते.

गटकाम नेहमी फसतं. एकच मूल सगळं करतं. का?

बहुधा कामातच दोष असतो. उत्तर एकच असेल तर ज्याला ते आधी सुचतं तो सांगून मोकळा होतो. काम म्हणजे ‘चार्ट सजवा’ असेल तर सुंदर अक्षराचं मूल पेन घेतं आणि बाकीचे खोडरबर शोधत बसतात. चौघांना चार कागद दिले तर ती चार स्वतंत्र कामं होतात, म्हणून कागद एकच आणि पेन्सिलही एकच.

पेन्सिल कुणाच्या हातात आहे ते पाहत राहा, गटात कुणाचं चालतं ते तिथेच दिसतं. एक नियम चांगला चालतो: ज्याची कल्पना, त्याने ती लिहायची नाही, दुसऱ्याने लिहायची. म्हणजे लिहिणाऱ्याला आधी ऐकावं लागतं आणि सुचवणाऱ्याला समजेल असं बोलावं लागतं.

आणि शिक्षकाने मध्ये पडून उत्तर देऊ नये. गट अडला की ‘तुमच्यातल्या कुणी हे आधी कुठे पाहिलंय का?’ एवढंच विचारावं.

पाठ्यपुस्तकातल्या धड्यासाठी असं काही करता येतं का?

येतं. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे, गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एकत्र होत असताना वर्गातला तणाव कमी करण्यासाठी जी पद्धत काढली, ती इथे चालते. धड्याचे चार तुकडे करायचे आणि गटातल्या प्रत्येकाला एकच द्यायचा. एकच तुकडा मिळालेली सगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तो समजून घेतात, मग आपल्या गटात परत येऊन सांगतात. वाचनात अडखळणाऱ्या मुलाचा तुकडा अर्धवट आला की गट त्याच्यावर चिडतो. म्हणून मधलं एकत्र बसणं किमान दहा मिनिटं हवं, आणि प्रत्येकाने तिथे एकदा सांगून पाहिल्याशिवाय उठायचं नाही.

कौतुक कसं करायचं? ‘छान’, ‘शाब्बास’ पुरे नाही का?

पुरे नाही. मुलाला त्यातून काय छान झालं ते कळत नाही आणि बाकीच्यांना तर काहीच कळत नाही. कौतुक खरं असावं, सगळ्यांसमोर असावं आणि त्या कृतीने काम कसं पुढे गेलं ते त्यात यावं. ‘नळीत बुडबुडा राहिलाय हे शबानाने ओळखलं. तो काढला नसता तर पुढची सगळी मापं चुकली असती.’ ‘गणेशने मावशींना पाणी साचतं का असं न विचारता, किती दिवस साचून राहतं असं विचारलं. त्यावरून तुम्हाला माती कशी आहे ते कळलं.’

अशी वाक्यं आयत्या वेळी सुचत नाहीत. गट काम करत असताना वही घेऊन फिरा आणि दिसेल तसं लिहा. शेवटची पाच मिनिटं त्यासाठी राखून ठेवा. एका वेळी तीन-चार मुलांबद्दलच बोला, आणि ज्यांची पत वर्गात कमी आहे त्यांच्यावर जास्त लक्ष असू द्या. मात्र दिसलं नसेल ते रचून सांगू नका. मुलांना दया लगेच ओळखू येते आणि ज्याचं खोटं कौतुक झालं त्याची पत आणखी खाली जाते.

‘तू पण हुशार आहेस बरं का’ हे वाक्य टाळा. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ सालच्या प्रयोगांत, बुद्धीचं कौतुक झालेल्या पाचवीच्या मुलांनी पुढे चांगलं दिसता येईल असं सोपं काम जास्त निवडलं, आणि कठीण कामात अपयश आल्यावर त्यांची कामगिरी घसरली. प्रयत्नांचं कौतुक झालेली मुलं तुलनेने टिकून राहिली. अर्थात नुसती ‘मेहनती आहेस’ ही शाबासकीही अपुरीच आहे, कारण मेहनत कोणती आणि ती कशी कामी आली हे तिच्यात नसतं.

आमचा मुलगा नेहमी पहिला येतो आणि इतरांना कमी लेखतो. घरी काय करावं?

त्याला उपदेश करू नका. तो जिथे नवखा आहे अशा कामाला लावा आणि ते काम येणाऱ्या माणसाच्या हाताखाली द्या. ज्वारीची भाकरी हे उत्तम काम आहे. पीठ रोजच्यासारखं मळायला घेतलं की ते तुटतं, कारण ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून गरम पाणी घ्यावं लागतं आणि तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळावं लागतं. थापताना कडा चिरल्या तर पीठ कमी मळलंय किंवा पाणी कमी पडलंय. पाणी जास्त झालं तर भाकरी परातीलाच चिकटते, उचलली जात नाही. वरच्या बाजूला पाणी फिरवून ते सुकू लागेपर्यंत थांबायचं आणि मग उलटायची. उशीर झाला तर पापुद्रा तडकतो.

तीन-चार भाकऱ्या बिघडू द्या. नंतर त्याला आजीला विचारू द्या: ‘पीठ मळून झालं हे तुला कशावरून कळतं? पाणी किती घालायचं ते कसं ठरवतेस? नवं पीठ आणि जुनं पीठ यात काय फरक पडतो?’ उत्तरं ऐकून त्यालाच ती पाळून पाहू द्या. ‘बघ, आजीपण किती हुशार आहे’ असं तुम्ही म्हणायची गरज नाही, किंबहुना म्हणूच नका.

हेच सायकलचं पंक्चर काढताना, रोपाची कलम बांधताना, पेटीवर सूर धरताना करता येतं. आठवड्यातून एक काम पुरे.

घरी आपण नकळत चुकीचं काय शिकवतो?

‘अभ्यास केला नाहीस तर रिक्षा चालवावी लागेल’, ‘गुरं राखायला जा मग’. हे वाक्य मुलाला अभ्यासाला बसवतं की नाही कोण जाणे, पण रिक्षावाले काका आणि गुरं राखणारा वर्गमित्र यांच्याकडे कसं पाहायचं ते नक्की शिकवतं. भीती दाखवायचीच असेल तर अभ्यासाबद्दलचीच खरी गोष्ट सांगा: ‘अपूर्णांक आत्ता समजून घेतले नाहीस तर सातवीत टक्केवारी जड जाईल.’

निकालाच्या दिवशी ‘किती पडले’नंतरचा दुसरा प्रश्न ‘सगळ्यात जास्त कुणाला?’ हा असतो. त्याऐवजी ‘या आठवड्यात वर्गात कुणी काही असं केलं का, जे तुला येत नाही?’ असं विचारून पाहा. पहिले काही दिवस ‘माहीत नाही’ हेच उत्तर येईल. विचारत राहिलात तर मूल वर्गात बघायला लागतं.

बाजारात झटपट हिशोब करणारी मुलं शाळेच्या गणितात का अडतात?

ब्राझीलमधल्या, १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांनी गाडीवरचे ९८ टक्के हिशोब बरोबर केले. तीच गणितं शाळेसारखी कागदावर दिल्यावर प्रमाण ३७ टक्क्यांवर आलं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबाबत असंच काही २०२५ साली मांडलं. तिथे उलट बाजूही दिसली: शाळेच्या गणितात बरी असणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळत होती.

हे वर्गात वापरा. ८० रुपये किलोची भाजी ३५० ग्रॅम घेतली. एक मूल म्हणेल, ‘पाव किलोचे २०, १०० ग्रॅमचे ८, झाले २८.’ दुसरं ८० गुणिले ३५० भागिले १००० करेल. दोन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी मांडा आणि पहिलीत कोणते गुणधर्म वापरले ते वर्गाकडून काढून घ्या. मग अदलाबदल: पहिल्याने ३७० ग्रॅम कागदावर करायचं, दुसऱ्याने ६०० ग्रॅम तोंडी. कौतुक करून थांबलात तर बाजारातलं मूल परीक्षेत अडतं ते अडतंच. एकीकडून दुसरीकडे जायची वाट शिकवावीच लागते.

म्हणजे वाचन-गणित कच्चं राहिलं तरी चालेल, त्याची बुद्धी वेगळी आहे असं समजायचं?

अजिबात नाही, आणि याबाबत आम्ही ठाम आहोत. ‘तो हाताने काम करणारा मुलगा आहे’ असं म्हणून वाचन शिकवणं सोडून देणं हा त्या मुलावर अन्याय आहे, मग हेतू कितीही चांगला असो. तिसरीच्या अखेरीस मूल दुसरीच्या पातळीचा न पाहिलेला परिच्छेद अडखळत का होईना वाचू शकत नसेल, तर रोज वीस-तीस मिनिटं वेगळं वाचन घ्यायला सुरुवात करा. गट दोन-तीन मुलांचा, मजकूर त्याच्या आत्ताच्या पातळीचा, आणि वर्गासमोर मोठ्याने वाचायला लावणं बंद.

काही महिने नियमित शिकवूनही फरक पडत नसेल, जोडाक्षरं आणि मात्रा सतत गळत असतील, तोंडी सगळं येतं पण लिहिलेलं वाचता येत नाही असं चित्र असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमता ही दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये समाविष्ट आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळतात. ऐकू येतं का आणि दिसतं का, हे मात्र सगळ्यात आधी तपासा.

घरची भाषा वेगळी असलेली मुलं ‘मंद’ वाटतात. काय करावं?

पावरी, गोंडी, अहिराणी बोलणारं मूल मराठी शाळेत गप्प असतं, आणि ऊसतोडीला किंवा बांधकामावर आलेल्या कुटुंबातलं हिंदी-तेलुगू बोलणारं मूलही. गटात आपसात घरच्या भाषेत बोलायची मुभा द्या, सांगताना मराठीत सांगू दे. प्रश्न विचारल्यावर लगेच दुसऱ्याकडे वळू नका, मनात पाचपर्यंत मोजा.

‘त्यांच्या रक्तातच कला असते’ असं आदिवासी मुलांबद्दल म्हणतात. ते कौतुकच ना?

कौतुकाच्या रूपातला तो अडसर आहे. वारली चित्रं पूर्वी मुख्यतः लग्नाच्या वेळी सवाशिणी काढत असत. २०११ साली पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हशे यांनी ती रोजची साधना केली. पाहून, करून, वर्षानुवर्षं हात घालून ते येतं. ‘रक्तात आहे’ म्हटलं की तो अभ्यास दिसेनासा होतो आणि त्याच मुलाला विज्ञान प्रदर्शनात घ्यायचं कुणाला सुचत नाही. ‘मुली मेहनती, मुलगे हुशार’ हेही त्याच जातीचं वाक्य.

कारागीर, शेतकरी यांना वर्गात बोलवावं का?

जरूर, पण भाषणाला नको. त्यांनी काम करून दाखवायचं आणि निर्णयाच्या जागी थांबायचं. शिंपीकाकांनी कात्री लावण्याआधी मुलांनी विचारायचं, ‘आत्ता काय बघितलंत? चुकलं तर काय होईल? नवा माणूस इथे कोणती चूक करतो?’ प्रश्न आदल्या दिवशी लिहून घ्या. पाहुण्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, ती शाळेने द्यावी. फुकट बोलावून कदर शिकवता येत नाही. बोलावणं कुणा एका मुलाच्या आई-वडिलांना असेल तर आधी त्या मुलाला एकट्याने विचारा.

राहीबाई पोपेरे यांच्यासारख्या व्यक्तींबद्दल सांगतानाही हेच पाळा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई शाळेत गेल्या नाहीत आणि देशी बियाण्यांच्या जतनासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, एवढं सांगून थांबलात तर मुलांना फक्त पुरस्कार लक्षात राहतो. बियाणं निवडायला, वाळवायला, किडीपासून वाचवायला आणि पुढच्या हंगामात उगवेल की नाही हे ओळखायला काय काय कळावं लागतं, ते मुलांना शोधू द्या. दहा वालाचे दाणे ओल्या फडक्यात ठेवून किती उगवतात ते मोजणं हा त्याचा पहिला धडा होऊ शकतो.

हाताचं काम ‘अभ्यासात मागे’ असणाऱ्यांसाठीच ठेवलं जातं. ते कसं थांबवायचं?

सगळ्यांना ठेवून. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडलेल्या गांधीजींच्या नई तालीममध्ये हस्तोद्योग सगळ्याच मुलांसाठी होता. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमातही काम करता करता शिकणं हाच गाभा आहे. वेळापत्रक तपासा: परीक्षा जवळ आली की कलेचा, कार्यानुभवाचा, खेळाचा तास कापून गणित घेतलं जातं का? मुलं ते बरोबर वाचतात. आणि ‘गृहपाठ केला नाही म्हणून चित्रकला नाही’ ही शिक्षा बंद करा.

वर्णनात्मक नोंदी कशा लिहाव्यात?

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे २०१० पासून आहे, पण नोंदी बहुतेक वेळा छापील यादीतून उतरवल्या जातात. ‘चित्रकलेची आवड आहे’ यातून कुणालाच काही कळत नाही. ‘पटांगणाच्या नकाशात झाडांची सावली दुपारची दाखवली, सकाळची का नाही ते गटाला समजावलं’ ही नोंद झाली. त्यात कृती हवी आणि प्रसंग हवा. स्वभावाचं विशेषण नको.

रोज दोनच मुलांकडे मुद्दाम लक्ष द्या. चाळीसचा वर्ग वीस शाळेच्या दिवसांत, म्हणजे साधारण महिन्यात, पूर्ण होतो. कुणाबद्दल लिहायला काहीच सापडलं नाही, तर त्या महिन्यात त्याला काही करायला मिळालं होतं का ते आधी बघा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधल्या समग्र प्रगतिपत्रकात मुलांचं स्वतःचं आणि मित्रांचं मूल्यमापनही अपेक्षित आहे. अशा नोंदी ऐकत आलेली मुलं एकमेकांबद्दल तसंच नेमकं लिहू लागतात.

फरक पडतोय हे कशावरून ओळखायचं?

तीन महिन्यांनी त्याच चिठ्ठ्या पुन्हा लिहून घ्या आणि तेच तीन आकडे काढा. पंधरा दिवसांतून एकदा तरी वर सांगितल्यासारखं काम झालं असेल, तर वेगळी नावं वाढलेली आणि नाव न आलेली मुलं घटलेली दिसायला हवीत. दरम्यान वर्गात पाहा: अडलं की मुलं वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या मुलांकडे जातात का? पहिल्या नंबरचं मूल कुणाला काही विचारतं का?

आकडे हलले नाहीत तर मुलांना दोष देऊ नका. दिलेली कामं पुन्हा काढून बघा. त्यांतली बहुतेक वाचता-लिहिता येणाऱ्याला एकट्याने उरकता येण्यासारखी निघतील. ती बदला, आणि नाव एकदाही न आलेल्या मुलांपासून पुढच्या महिन्याच्या नोंदी सुरू करा.